बेसन

कंपनीच्या नकाशात ते बेसिन होतं.
गावाच्या तोंडात बेसन झालं
आणि बेसनच राहिलं.
बेसनावर धुणं, बेसनावर म्हशी,
बेसनात बुडाला दमडू हलब्याचा थोरला.
नागपूरहून आलेला आर्किटेक्ट हे ऐकून हसला,
म्हणाला, मग झुणका कुठंय?
कोणी काही बोललं नाही.
तोही मग टेप लावायला लागला.

नदीपासून अडीच मैल पाट,
काळा दगड, चुन्याचे सांधे.
खोदणाऱ्यांची नावं कुठं नाहीत.
छत्तीसगडाकडचे होते म्हणतात,
पाट संपला तसे पुढे गेले,
जाताना एक भाजी सांडून गेले,
ती काठाकाठानं अजून उगवते.

पाणी बॉयलरला जायचं
आणि परतायचं ऊन होऊन.
दक्षिणेच्या कोपऱ्यात, नळाच्या तोंडाशी
पूस-माघात वाफ उभी राहायची माणसाएवढी.
रात्रपाळीच्या बाया तिथं उतरत,
केसांतली, भुवयांतली, पापण्यांतली रुई सोडवत.
रुई पाण्यावर बसे.
मासे त्या अंगाला येत नसत.

माझा बाप, उरकुडा नान्हे, चाकावर होता.
पाटाच्या मुखाशी लोखंडी चाक:
सात आटे डावीकडे. आठवा द्यायचा नाही,
आठव्याला पाणी सरकीच्या गोदामात शिरतं.
गठाणी पेटल्या त्या रात्री
त्यानं आटे मोजले नाहीत.
यार्ड वाचलं.
भिजल्या सरकीचे पैसे
कंपनीनं पाच महिने त्याच्या पगारातून कापले.
हे तो कधी रागानं सांगत नसे.
तळहात पुढं करायचा फक्त,
आणि आम्ही घट्टे दाबून पाहायचो.

जिनिंगला कुलूप कोणी लावलं आठवत नाही.
एका पहाटे भोंगा झाला नाही,
सगळं गाव उशिरा उठलं.

मग बेशरम माजली. पाट बुजला.
धिवरांनी दोन वर्षं शिंगाडा लावून पाहिला,
सोडून दिला.
मग निधी आला.
जेसीबीनं आठ दिवस गाळ उपसला:
बैलांचे नाल, एक हंडा, चष्म्याची काडी,
आणि पितळी बिल्ले, मूठ-मूठ,
हजेरीचे, नंबर ठोकलेले.
ठेकेदारानं ते किलोवर घातले.

आता फाटकावर लिहिलंय जलविहार.
पेव्हर, रेलिंग, रात्री तीन रंगांचं कारंजं.
बापाच्या चाकाला सोनेरी रंग दिलाय,
पोरं फिरवतात म्हणून वेल्डिंगनं जाम केलंय.
मी खिडकीत बसते, ठेक्यावर.
मोठ्यांचे दहा, लेकरांचे पाच.
कारंज्याचं बटण माझ्याच टेबलाखाली आहे.
अंगठ्यानं दाबते. घट्टा पडत नाही.

मंगळवारी, बाजार उलगताना,
पैकाबाई शेंडे आली.
लुगड्याच्या गाठीतून दहा रुपये सोडले, चिल्लर,
चपला खिडकीखाली काढून ठेवल्या,
मी नको म्हणत असताना.
फरशी तापलेली.
ती पायानं चाचपत चाचपत गेली
दक्षिणेच्या कोपऱ्यात,
तिथं आता प्लॅस्टिकचा पेंग्विन आहे,
चोच उघडी, कचऱ्यासाठी.
त्याला धरून ती बराच वेळ उभी राहिली.
घोट्यापर्यंत लुगडं उचललेलं,
कोरड्यात.

परत आली तेव्हा म्हणाली,
'उरकुडाची का व तू?
गाळात माहा बिल्ला गवसला का?
केस धुता धुता पडला होता.
एकशे बारा.
त्या दिवसाची हजेरी नाई लागली मले.'

पितळ कधीच विकलं गेलंय हे मी सांगू शकत होते.
मी उगाच पुस्तक चाळलं, पाहते म्हणाले.
पंधराशे वीस, पंधराशे एकवीस.
एकशे बारा कधीच फाटून गेला होता,
कुणाला दिला, ठाऊक नाही.

ती वाट पाहत उभी.
मागं एक कुटुंब रांगेत,
त्यांचा पोरगा विचारतोय,
कारंजं कधी चालू होते?